अठ्ठेचाळीस गोळ्यांची वाटणी

काटेभाऊ माणसाकडे बघून त्याचं वजन सांगत. आर्वीच्या मार्केटात मी वजनाच्या पावत्या लिहायला लागलो त्या पहिल्या सकाळी त्यांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाबूजी, तुमी सत्तावन." मला असल्या गोष्टी पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. कापूस यायला अजून वेळ होता. मी रिकाम्या काट्यावर चढलो. अठ्ठावन्न भरले. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "डब्बा आन् चपला खाली ठेवा." ठेवल्या. सत्तावन्न.

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. ते मापारी होते, काट्याजवळ उभे असत, म्हणून सगळे काटेभाऊ म्हणत. नवे शेतकरी ते आडनावच समजायचे, आणि त्यांनी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. मूळचे रोहण्याचे, पण मी ओळखायला लागलो तेव्हा मार्केटच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांत नवराबायको राहत होते. मुलगी लग्न होऊन अल्लीपूरला दिलेली. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. स्वतःचं वजन कोणी विचारलं की म्हणायचे, "मी दोन मनाचा, त्याच्या खाली नाई," आणि हसायचे. मणाचे चाळीस किलो धरले तर ऐंशी. तेही मी तपासलं होतं. एकोणऐंशी.

त्यांच्या मापावर शेतकऱ्याचा विश्वास होता आणि व्यापाऱ्याचाही. याचं कारण त्यांची एक सवय. पोतं काट्यावर ठेवलं की ते हात मागे घेत आणि थांबत. काटा डोलायचा. व्यापाऱ्याचा माणूस घाई करायचा, "बोला ना काटेभाऊ, लाइन लागली." ते ढिम्म. "काटा थांबेपर्यंत बोलायचं नाई," म्हणायचे. "डुलता काटा ज्याच्या त्याच्या मनासारखा दिसते." पूर्ण थांबला की आकडा सांगायचे, आणि मी लिहायचो. सोळा वर्षांत त्यांनी सांगितलेला आकडा मला एकदाच खोडावा लागला. तो प्रसंग पुढे येतो.

दुसरी सवय सोड्याची. खिशात तंबाखूच्या डबीशेजारी आणखी एक डबी असे, खायच्या सोड्याची. जेवण झालं की तळहातावर चिमूटभर सोडा, वर हमालांच्या शेडमधल्या रांजणातलं पाणी, मग मोठा ढेकर. "निघाली गाडी," हमालांतला सर्वांत जुना गणपत म्हणायचा आणि सगळे हसायचे. एरवी पावशेराची चूक न करणारा हा माणूस सोडा मात्र कधी मोजून घेत नसे. आधी जेवणानंतर, मग सकाळी उठल्यावर, मग मधल्या चहानंतर. मी एकदा म्हटलं, "काटेभाऊ, दिवसाला किती होतो हा सोडा?" तर म्हणाले, "जवा आग लागते तवा पाणी मोजून टाकता का तुमी?"

खरं सांगायचं तर त्या शेडमध्ये पोट जळत नाही असा माणूसच नव्हता. सात हमाल, काटेभाऊ आणि मी. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी तीनला भाकर आणि मिरचीचा ठेचा, मधल्या वेळात तंबाखू. जळजळ हा आजार आहे असं कोणी मानतच नव्हतं. पाठ दुखते तसं पोट जळतं, इतकंच. मी घरी लपवून आम्लपित्ताच्या पांढऱ्या गोळ्या चघळायचो. बायको म्हणायची, दाखवून या. मी म्हणायचो, हंगाम संपू दे.

सत्त्याण्णव सालच्या हंगामात तो आकडा चुकला. काटा थांबला होता. काटेभाऊंनी त्रेचाळीस सांगितलं, मी लिहिलं. पण मी समोरच बसलो होतो, काटा चौतीसवर होता. मी मान वर केली तर त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला. "बाबूजी, मले दोन दोन दिसून राह्यले," म्हणाले आणि पोत्यावर बसले. विचारल्यावर कळलं, चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. गणपत आणि मी त्यांना एसटीनं वर्ध्याला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं, रक्त चढवलं, मग घशातून दुर्बीण घातली. पोटात जखम होती, तिच्यातून रक्त जात होतं. तिचा आणि आजूबाजूचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की पोटात जंतू आहे, बरीच वर्षं आहे, बहुधा लहानपणापासून. काटेभाऊंना हे पटेना. "जंतू? माह्या पोटात? बाई, माह्या पोटात मिरची टिकत नाई, थो कसा टिकीन?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो आम्लातच राहायला शिकलेला आहे. पोटाला आतून जे अस्तर असतं त्यात घुसून बसतो. तुम्ही सोडा खाता त्यानं आग विझल्यासारखी वाटते, पण तो तिथेच असतो."

मी विचारलं, तो येतो कुठून? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. बहुतेक घरातल्याच माणसांकडून, लहान वयात, तोंडावाटे, पाण्यावाटे. किती लोकांत असतो? "तुमच्या मार्केटात शंभर माणसं उभी केली तर निम्म्याहून जास्त निघतील." मग एवढ्या लोकांना काही होत कसं नाही? माझा हा प्रश्न त्यांना आवडला असावा. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"बहुतेकांना काहीच होत नाही," त्या म्हणाल्या. "काहींना अशी जखम होते. आणि फार थोड्यांना, वर्षानुवर्षं अस्तर सुजत, झिजत, बदलत जाऊन पोटाचा कॅन्सर होतो. फार थोड्यांना. पण उलटीकडून बघा. पोटाचा कॅन्सर झालेले जे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पोटात हा कधी ना कधी राहून गेलेला असतो. म्हणून तो सापडला की काढायचा."

काटेभाऊंनी एवढंच विचारलं, "मले झाला का?"

"नाही. तुकड्यात तसलं काही नाही. आता हा काढला तर पुढचा धोका कमी होईल. शून्य होईल असं मी म्हणणार नाही."

औषध साधं होतं. तीन प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकी एक, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. मी तिथेच मनात गुणाकार केला. चौऱ्याऐंशी. बाईंनी बोट उभं करून सांगितलं, "बरं वाटायला लागलं तरी थांबायचं नाही. अर्धवट सोडलंत तर जंतू मरत नाही, उलट औषधाला पक्का होतो. आणि संपल्यावर महिन्याभरानं परत या. गेला की नाही ते बघायचं." ती तारीख मी माझ्या डायरीत लिहिली. चौऱ्याऐंशी हा आकडाही लिहिला. त्यामुळे पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

सातव्या दिवशी काटेभाऊ कामावर आले. चेहऱ्यावर रंग होता. सोड्याची डबी खिशात नव्हती. दुपारी सगळे शेडमध्ये बसले तेव्हा त्यांनी एक रिकामं पोतं अंथरलं, पिशवी उपडी केली आणि गोळ्यांच्या पट्ट्या ओळीनं मांडल्या.

"बाप्पा, काय औषध हाय हे!" म्हणाले. "तीन दिवसांत आग बंद. सहा दिवस घेतल्या. आता मले काईच होत नाई. आन् तुमी सारे इथं जळून राह्यले. मी एकटाच काऊन खाऊ?"

त्या शेडचा रिवाज असा होता की जे येईल ते वाटून खायचं. कोणाकडे लग्नाचे लाडू आले, कोणा शेतकऱ्यानं टरबूज दिलं, ते पोत्यावर मांडलं जायचं आणि वाटणी काटेभाऊ करायचे, कारण त्यांच्या वाटणीवर कधी भांडण झालं नाही. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. प्रत्येक प्रकारच्या सोळा गोळ्या उरल्या होत्या, एकूण अठ्ठेचाळीस. सात हमाल आणि मी, आठ जण. पट्ट्या कात्रीनं कापून त्यांनी प्रत्येकापुढे प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन ठेवल्या. कोणाला एक जास्त नाही, एक कमी नाही.

गणपत म्हणाला, "काटेभाऊ, डाक्तरीणबाई तं चौदा दिवस म्हणे."

"तिले का मालूम मी कवा बरा होतो थे? पोट माहं हाय."

"आन् तिनं विचारलं तं?"

"तू सांगजो, गड्या, का काटेभाऊनं पुऱ्या खाल्ल्या. तुह्या पोटात गेल्या का माह्या, एकच हाय."

सगळे हसले. मीही हसलो. आणि माझ्यापुढच्या सहा गोळ्या मी उचलल्या. माझ्या डायरीत चौऱ्याऐंशी लिहिलेलं होतं, चौऱ्याऐंशीतून छत्तीस गेल्या हे मला दिसत होतं, आणि बाईंचं उभं बोटही आठवत होतं. पण आदल्या आठवड्यात माझं पोट फार जळत होतं. मी तीन गोळ्या त्याच दुपारी घेतल्या, तीन संध्याकाळी. दोन दिवस खरंच बरं वाटलं. आठही जणांना वाटलं. मग सगळ्यांची जळजळ परत आली. काटेभाऊंची यायला चार महिने लागले.

महिन्याभरानंतरची ती तारीख कापसाच्या ऐन आवकीत पडली. दिवसाला तीनशे गाड्या लागत होत्या. मी त्यांना आठवण केली. "हंगाम संपू द्या बाबूजी," ते म्हणाले. ते माझंच वाक्य होतं. हंगाम संपल्यावर मुलीचं बाळंतपण निघालं, मग पावसाळा, मग सोयाबीन आलं. डायरी बदलली. नव्या डायरीत मी ती तारीख उतरवून घेतली नाही. सोड्याची डबी खिशात परत आली.

त्यानंतरची आठ वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम होतं, ते केलं. इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यांना डुलायला वेळच लागत नाही, लाल आकडा लगेच थांबतो. तरी काटेभाऊ हात मागे घेऊन उभे राहायचे. "सवय लागली," म्हणायचे. नवी पोरं त्यांची नक्कल करायची.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की ते हल्ली कोणाचं वजन सांगत नाहीत. मी गमतीनं विचारलं, "काटेभाऊ, मी किती?" ते माझ्याकडे बघत राहिले. "चौसष्ट," म्हणाले. "माहं विचारू नका." मला तेव्हा ते दिसलं. खांदे उतरले होते, सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा. दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणून डबा ते गणपतला देत होते आणि गणपत तो मुकाट खात होता. संध्याकाळी मार्केट रिकामं झाल्यावर त्यांनी चपला काढल्या, खिशातल्या दोन्ही डब्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि काट्यावर चढले. बासष्ट. ते खाली उतरेनात. "थांबला का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थांबला. "लिहू नका," म्हणाले.

वर्ध्याला त्याच डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेल्या. पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडा. या वेळी तुकड्यात होतं. पोटातून यकृतापर्यंत गेलं होतं. बाईंनी जुना कागद मागवून पाहिला आणि विचारलं, "गोळ्या पूर्ण केल्या होत्या का? परत तपासायला आला नाहीत."

काटेभाऊ भिंतीकडे बघत होते. मी सांगितलं. वाटणी, आठ जण, प्रत्येकी सहा. माझ्याही सहा. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर आल्यावर मी एकटाच परत आत गेलो आणि विचारलं, त्या अठ्ठेचाळीस गोळ्या त्यांनी घेतल्या असत्या तर हे टळलं असतं का?

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "टळण्याची शक्यता वाढली असती. पूर्ण औषध घेऊनही काहींना होतो. तंबाखू होती, वय होतं. एका माणसाबद्दल असा हिशेब मांडता येत नाही."

माझं सगळं आयुष्य हिशेबात गेलं, आणि हा एक मांडता येत नाही. मी तो बऱ्याचदा मांडून पाहिला. उत्तर येत नाही, आणि वजाबाकीत माझ्या सहा गोळ्या तशाच उरतात. आता त्याचा कंटाळाही आला आहे, पण सुटत नाही.

काटेभाऊ नंतर घरीच होते. बुद्धाच्या तसबिरीखाली खाट टाकलेली. मी रोज कामावरून जाताना बसायचो. एके दिवशी वहिनी चहा करायला आत गेल्या तेव्हा मी म्हटलं, "काटेभाऊ, त्या गोळ्या मी घ्यायला नको होत्या. मला माहीत होतं."

"मालूम होतं तं मलेबी," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी काटा थांबाच्या अगुदर बोललो बाबूजी. जिंदगीत एकडाव." मग म्हणाले, "तुमी दाखवलं का स्वतःले?"

मी दाखवलं नव्हतं. पन्नाशीला आलो होतो, आणि पांढऱ्या गोळ्या चघळतच होतो.

"उद्या जा," ते म्हणाले. "मले आता दुसरं काई नाई पाह्यजे. पयले तुमी, मग हिले नेजा, मग त्या साती जनाइले. ज्याले ज्याले म्या वाटल्या, त्याइले पुऱ्या देजा."

मी गेलो. माझ्या पोटात तोच जंतू निघाला. तीन प्रकार, दोन वेळा, चौदा दिवस. औषधांची नावं थोडी बदलली होती, आकडा तोच. पाचव्या दिवसापर्यंत तोंडाला लोखंडाची चव आली, जेवण जाईना, आणि जळजळ तर थांबलीच होती. बंद करावं असं मला खरोखर वाटलं. पण रोज संध्याकाळी खाटेशी हजेरी असायची.

"आज किती?"

"सहा."

"जमा?"

"तीस."

"बाकी?"

"चोपन्न. काटेभाऊ, तोंड फार कडू झालंय हो."

"माहं गोड हाय का?" ते म्हणाले. वहिनी रडता रडता हसल्या.

दहाव्या दिवशी त्यांना आकडे विचारवेनात. मीच सांगितलं, जमा साठ, बाकी चोवीस. त्यांनी बोटं हलवली. अकराव्या दिवशी दुपारी मार्केटात निरोप आला. त्या दिवशी मापं थांबली. शेडमधल्या हमालांनी खांदा दिला. गणपत मला म्हणाला, "बाबूजी, काईच भार नाई." घरी आल्यावर अंघोळ करून मी संध्याकाळच्या तीन गोळ्या घेतल्या. बाकी अठरा. हे कोणाला सांगायचं ते कळेना, म्हणून डायरीत लिहिलं.

त्या अठराही घेतल्या. महिन्याभरानं तपासणीची तारीख आली, तीही हंगामातच. मी रजा टाकली. वहिनींना घेतलं. सातांपैकी दोघे गाव सोडून गेले होते, एक म्हणाला मला काही होत नाही, मी येत नाही. त्याच्या दारात मी तीनदा गेलो. बाकी चौघे आले. वर्ध्याच्या बसमध्ये गणपत माझ्याशेजारी बसला. रोहणा मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

"बाबूजी, किती दिवस घ्या लागतीन?"

"आधी तपासतील. निघाला तर चौदा."

"आन् मंधातच बरं वाटलं तं?"

"तरी चौदा."

त्यानं मान हलवली. मग खिशातून स्वतःची सोड्याची डबी काढली, हातात फिरवली, आणि पुन्हा खिशात ठेवली.

"तुमी रोज ईसान ना पुसाले?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, येईन.